सात थरांची हंडी

"ओएसआय मॉडेलचे सात थर आकृतीसह स्पष्ट करा." गुण आठ.

मंडळी, कॉम्प्युटरचं नेटवर्क हा विषय जिथे जिथे शिकवतात, तिथे हा प्रश्न या ना त्या रूपात भेटतोच. डिप्लोमाला भेटतो, बीसीएला भेटतो, इंजिनियरिंगला तर भेटतोच भेटतो. मुलंही हुशार! ते पाठ करायला त्यांनी एक इंग्रजी वाक्य धरून ठेवलंय, 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे'. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं, की खालून वर सातही थरांची नावं ओळीने हजर. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. आमच्या सोसायटीतली खालच्या मजल्यावरची मुलगी हे वाक्य जिन्यात बसून घोकत असते. (तिच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, पण परीक्षेपुरतं सॉसेज चालतं. असो.)

मी तिला सहज विचारलं, "तुमच्या हॉलमध्ये भिंतीवर तो वायफायचा डबा लावलाय ना, तो या सातांपैकी कितव्या थरावर काम करतो गं?"

ती म्हणाली, "आजी, तो सिलॅबसमध्ये नाहीये."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाता जात नाही. ज्या डब्यावर तिचा सगळा दिवस चालतो, जो बंद पडला की घरात शोककळा पसरते, तो तिच्या अभ्यासक्रमात नाही. आणि जे अभ्यासक्रमात आहे ते तिच्या घरात कुठे आहे, हे तिला कुणी दाखवलेलं नाही. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला या एका विषयात राहिली. वडील टेम्पो चालवतात. तिने आईला सांगून टाकलं होतं, की हा विषय मला जमणारा नाही, तो इंग्लिश मीडियमवाल्यांचा आहे, मी डिप्लोमा सोडते आणि दुकानात कामाला लागते. म्हणून मी यात पडले.

माझं मत असं, की अडचण इंग्रजीची थोडी आणि क्रमाची फार आहे.

मी शाळेत भूगोल शिकवला. आमच्याकडे तिसरीच्या मुलाच्या हातात एकदम जगाचा नकाशा देत नसत. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पुढे भारत, मग जग. बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र इतक्या वेळा लिहिलंय, की झोपेतही सांगेन. नेटवर्कच्या पुस्तकात नेमकं उलट. आधी व्याख्या. मग पॅन, लॅन, मॅन, वॅन असे प्रकार. मग बस, रिंग, स्टार, मेश अशा रचना आणि प्रत्येकीचे चार फायदे, चार तोटे. मग सात थरांची ती हंडी. मुलगी तळाच्या थरापाशी उभी राहून वर बघत राहते; लोणी कुठे आहे याचा तिला पत्ता नाही.

मग मी आणि ती रविवारी सकाळी बसायला लागलो. माझं यातलं ज्ञान म्हणाल तर भाच्याकडून आलेलं. तो वीस-बावीस वर्षं याच धंद्यात आहे आणि फोनवर माझ्या शंकांना उत्तरं देताना एकदाही वैतागलेला नाही. (वाचत असशीलच रे, घरी आलास की पुरणपोळी नक्की.)

पहिल्या दिवशी एकच काम केलं. तिला म्हटलं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला आयपी पत्ता बघ. माझ्या घरच्या वायफायवर तो निघाला १९२.१६८.१.७. खाली स्वतःच्या घरी जाऊन तिने पुन्हा बघितलं, तर तिथेही १९२.१६८.१ आणि पुढे ४. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे बघितलं, तिथे चक्क १९२.१६८.१.७, म्हणजे माझ्याकडे मिळाला होता तोच! "आजी, दोन घरांत एकच पत्ता कसा चालेल? टपाल चुकायला नको?"

बघा, हा प्रश्न तिने विचारला. पुस्तकात 'प्रायव्हेट आयपी ॲड्रेस' असा उपमथळा आहे आणि त्याखाली आकड्यांच्या तीन पट्ट्या दिल्यात, त्या तिने पाठही केल्या होत्या. पण तिला प्रश्न पडला तो पत्ता हातात आल्यावर.

उत्तर सोपं आहे. साताऱ्यात प्रत्येक इमारतीत 'फ्लॅट नंबर ७' आहे. आतल्या आत तेवढं पुरतं. बाहेरून येणाऱ्याला मात्र इमारतीचा पत्ता लागतो. तो घरातला डबा म्हणजे गेटवरचा वॉचमन. आतून कुणी काही मागवलं की तो वहीत लिहून ठेवतो, की अमक्या फ्लॅटने अमुक मागवलंय. बाहेर मागणी जाते ती इमारतीच्या नावाने. माल आला की वही बघून बरोबर त्या दारात. हा उद्योग करावा लागला कारण पत्ते पुरेनात. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे दोनचा बत्तिसावा घात. सगळे मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आणि एकेका माणसाकडे फोन, टीव्ही, लॅपटॉप. नवे पत्ते १२८ बिटांचे आहेत, तेही आता बऱ्याच फोनांत दिसतात, पण जुनी पद्धत अजून संपलेली नाही. ही घातांकाची आकडेमोड तिने वहीत स्वतः केली आणि "बापरे" म्हणाली.

पत्त्यावरून पिनकोडकडे वळणं मला भागच होतं. भूगोलाची बाई ती! पिनकोड हे आपल्या देशाचं फार सुरेख काम आहे आणि ते एका मराठी माणसाने केलंय, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. (आणि १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तारीख एकच, म्हणून मला कधी विसरायला होत नाही.) साताऱ्याचा पिन ४१५००१. गुवाहाटीच्या टपाल कर्मचाऱ्याला सातारा कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. त्याने पहिला आकडा ४ बघायचा आणि पत्र पश्चिमेच्या थैलीत टाकायचं. पुढच्या माणसाने ४१ बघायचं, त्याच्या पुढच्याने ४१५. गाव जवळ येईल तसा एकेक आकडा जास्त वाचायचा. राउटर हेच करतो. जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची वाट त्याला पाठ नसते. पत्त्याचा पुढचा भाग बघून 'या दिशेला ढकल' एवढंच तो ठरवतो. पुस्तकातलं 'राउटिंग टेबल' म्हणजे ही दिशांची वही.

पण एक अडचण आली. या मुलीने आयुष्यात पत्र लिहिलेलं नाही! मी ज्याला 'ज्ञात' समजत होते ते माझं ज्ञात; तिचं वेगळं. मी रंगात येऊन सांगत होते, की लांबलचक पत्र दहा पोस्टकार्डांवर लिहा, प्रत्येकावर क्रमांक घाला, दहा कार्डं दहा वाटांनी गेली तरी पलीकडचा माणूस क्रमाने लावून वाचू शकतो. तिने मला मध्येच थांबवलं. "म्हणजे ऑनलाइन तीन वस्तू एकदम मागवल्या की तीन दिवशी तीन खोकी येतात, पण ऑर्डर नंबर एकच असतो, तसं?"

अगदी तसंच! आणि मोबाइलवर 'तुमचं पार्सल भिवंडीला पोचलं, पुण्याहून निघालं' असे निरोप येतात, त्यालाच नेटवर्कमध्ये ट्रेसरूट म्हणतात. ती आज्ञा दिली की आपलं पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून गेलं त्याची यादी येते. (पॅकेट हा शब्द यात रुजवला तो ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी, १९६०च्या दशकात.) डबेवाल्यांचा दाखला सगळेच देतात, तो मला यात तितकासा पटत नाही. डब्यातली भाजी एका वाटेने आणि पोळी दुसऱ्या वाटेने जात नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. पिंग.

पिंग ही छोटीशी आज्ञा माइक मूस या अमेरिकन माणसाने १९८३ साली लिहिली. पाणबुडीतला सोनार पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजतो, त्यावरून हे नाव. समोरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची, ओ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत दिसतं. बस्स, एवढंच. कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर चालतं, फुकट.

आम्ही एका प्रसिद्ध अमेरिकन साइटला हाक मारली. नऊ मिलिसेकंदांत ओ! मुलीला काही विशेष वाटलं नाही. मी म्हटलं, थांब, गणित करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो; पोकळीतल्यापेक्षा काचेत त्याचा वेग एकतृतीयांशाने कमी होतो. म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. नऊ मिलिसेकंदांत अठराशे. जाऊन-येऊन अठराशे, तर एका बाजूचं अंतर नऊशे. आता माझा जुना नकाशा काढ, कंपास घे, नकाशाच्या प्रमाणात नऊशे किलोमीटर धर आणि साताऱ्यावर टोक ठेवून वर्तुळ काढ.

वर्तुळात मुंबई आली, अहमदाबाद आलं, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई आली. दिल्लीसुद्धा बाहेर राहिली, अमेरिका तर कुठच्या कुठे. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही, तेव्हा ओ देणारं मशीन या वर्तुळाच्या आतच असलं पाहिजे. ती नकाशाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते अमेरिकेत नाहीचे!" नाहीच. मोठ्या कंपन्या आपल्या मालाच्या प्रती गावोगावच्या गोदामांत ठेवतात तशा ठेवतात, आणि आपल्याला जवळच्या गोदामातून माल मिळतो. नाव अमेरिकेचं, उत्तर बहुधा मुंबईचं.

मग खरोखर अमेरिकेत असलेलं एक मशीन भाच्याने सुचवलं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन पंचवीस हजार, भागिले दोनशे, म्हणजे काही केलं तरी १२५ मिलिसेकंदांच्या आत ओ येणं शक्य नाही. आली ती दोनशेच्या वर. का जास्त? कारण केबल विमानासारखी सरळ जात नाही. आपल्याकडून पश्चिमेला जाणारे मोठे मार्ग अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असे जातात. १८७० साली मुंबई ते सुएझ तारायंत्राची केबल समुद्रातून टाकली, ती याच अंगाने. दीडशे वर्षांत तार गेली, काच आली. जमीन आणि समुद्र होते तिथेच आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि आपल्याकडचं इंटरनेट कितीतरी दिवस रखडत होतं, हे तुमच्यापैकी त्या वेळी जालावर असलेल्या मंडळींना आठवत असेल. पुस्तकात 'ट्रान्समिशन मीडिया' नावाचा धडा आहे. त्यात केबलचा आडवा छेद आहे, पण नकाशा नाही!

आता गंमत बघा. याच पिंगने घरातला बिघाडही शोधता येतो. एका संध्याकाळी आमच्याकडचं नेट गेलं. सोसायटीत जो तो डबा बंद-चालू करत होता, कुणी तो उचलून खिडकीत नेऊन ठेवला होता. आमच्या विद्यार्थिनीने आधी घरच्या डब्यालाच हाक मारली, १९२.१६८.१.१. ओ आली. म्हणजे फोनपासून डब्यापर्यंतची वाट ठीक. मग ८.८.८.८ला हाक मारली. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे, लक्षात ठेवायला सोपा. ओ नाही. म्हणजे बिघाड डब्याच्या पलीकडे; खिडकीत ठेवा नाहीतर देवघरात ठेवा, उपयोग नाही. तिने इंटरनेटवाल्याला फोन करून नेमकं तेवढं सांगितलं. कधी उलटंही होतं, की ८.८.८.८ ओ देतो, पण साइटचं नाव टाकलं तर काही सापडत नाही. तेव्हा रस्ते उघडे असतात, फक्त नावावरून पत्ता सांगणारी चौकशीची खिडकी बंद असते. त्या खिडकीला डीएनएस म्हणतात. कुठवर पोचतंय आणि कुठे अडतंय, हा विचार म्हणजेच ते थर! खालचा थर शाबूत आहे ना, मग वरचा तपास. मी परीक्षक असते तर आठ गुणांना हा प्रश्न घातला असता.

थरांची कल्पना वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पोस्टमनने पाकीट फोडून पत्र वाचायचं नाही आणि पत्र लिहिणाऱ्याने पोस्टमनच्या सायकलची काळजी करायची नाही, एवढी ती साधी आणि सुंदर आहे. भाचा सांगतो, की धंद्यातले लोकही 'लेयर टू', 'लेयर थ्री' असंच बोलतात. माझा आक्षेप तिला देव्हाऱ्यात बसवण्याला आहे. आता इतिहास बघा. सर्फ आणि कान या दोघांनी आपली पद्धत १९७४ साली मांडली. १ जानेवारी १९८३ला आर्पानेटने ती टीसीपी-आयपी पद्धत पूर्णपणे स्वीकारली आणि आजचं इंटरनेट तिच्यावरच चालतं. ओएसआयचे सात थर प्रमाण म्हणून छापले गेले १९८४ साली! त्यातल्या सेशन आणि प्रेझेंटेशन या दोन थरांना चालत्या इंटरनेटमध्ये स्वतंत्र घर असं नाहीच. त्यांची कामं ॲप्लिकेशनवाले आपापली उरकतात. हे मुलांना कुणी सांगत नाही. ती बिचारी त्या दोघांची चार-चार कार्यं लिहीत बसतात. बस आणि रिंग या रचनांचंही तेच. एका जाड केबलला सगळे कॉम्प्युटर टांगलेले, आणि ती एका जागी तुटली की सगळेच बंद, जुन्या दिवाळीच्या माळेसारखं. हा इतिहास म्हणून मजेने सांगावा. 'फायदे व तोटे' म्हणून पाठ करायला लावू नये.

टीसीपी आणि यूडीपी मात्र मला वाटलं होतं त्याहून पटकन समजले, आणि त्याला कारण २०२०. टाळेबंदीत या पोरांनी दीड-दोन वर्षं शाळा फोनवर केली. "मॅडम, आवाज तुटतोय" हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल! मी विचारलं, बाईंचा एखादा शब्द गळला तर तो नंतर कधी आला का? नाही आला. आणि बाईंनी पाठवलेल्या पीडीएफमध्ये मधलं एखादं पान कधी गळलं का? तेही नाही. उतरायला वेळ लागला, पण उतरली ती पूर्ण. म्हणजे माल पाठवायच्या दोन रीती झाल्या. एकीत प्रत्येक तुकड्याची पोच घ्यायची, न आल्यास पुन्हा पाठवायचा, उशीर झाला तरी चालेल. दुसरीत गेलं ते गेलं, पुढे चला, कारण दहा सेकंदांपूर्वीचा शब्द आता येऊन उपयोग काय? (मी रजिस्टर टपाल आणि पोचपावतीचा दाखला देणार होते. पण टपालखात्याने २०२५मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिसळून टाकलंय. तिथेही माझं ज्ञात मागे पडलं!) टाळेबंदीत लाखो मुलांसमोर रोज नेटवर्कचं प्रात्यक्षिक चालू होतं, आणि कॉम्प्युटरचा तास मात्र व्याख्या उतरवण्यात गेला, याची मला हळहळ वाटते.

आता थोडं पैशांचं. कारण हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्या मुलांचा आहे असं मला वाटत नाही. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांना एक संदेश आला. बँकेच्या नावाची लिंक, आणि आज माहिती भरली नाही तर खातं बंद. त्यांनी लिंक नीट वाचली, बँकेचं नाव अगदी बरोबर होतं, कुलपाचं चित्रही होतं. अठ्ठेचाळीस हजार गेले. त्यांना वाचता येत होतं. वाचायची दिशा कुणी शिकवली नव्हती.

आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? आधी नाव, मग घर, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. साइटचं नावही तसंच आहे. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्यायचा आणि तो शेवटाकडून उलटा वाचायचा. 'अमुकबँक डॉट कॉम डॉट तमुक डॉट एक्सवायझेड' असं असेल, तर जिल्हा एक्सवायझेड, गाव तमुक, आणि अमुकबँक हे त्या तमुक गावातल्या एका दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं नाव. पाटीवर कुणीही काहीही रंगवू शकतो. आणि कुलूप? कुलूप एवढंच सांगतं, की वाटेत तुमचं पाकीट कुणी फोडणार नाही. पाकीट ज्याच्या हातात जातंय तो सज्जन आहे, असं ते कुठे म्हणतं? लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते कुलपाचं चित्र काढून टाकलं. हे शिकवायला दहा मिनिटं लागतात. ते आठवीच्या पुस्तकात हवं, आणि डिप्लोमाची मुलं जे पाठ करतात त्यातली निम्मी कलमं गाळून हवं.

भाषेबद्दल बोलले नाही तर आपली ब्लॉगवाली मंडळी मला सोडणार नाहीत. आपण एके काळी आंतरजाल की महाजाल यावर किती रक्त आटवलं! मला तेव्हाही ते शब्द आवडायचे, आजही आवडतात. पण या मुलीला राउटरला राउटरच म्हणू दे, पॅकेटला पॅकेट. परीक्षेत तिला तेच लिहायचंय, नोकरीत तेच ऐकायचंय. तिला नवे संस्कृत शब्द दिले तर एका परक्या भाषेच्या जागी दोन होतील. शब्द राहू देत. वाक्य मराठी हवं. 'राउटर पुढचा आकडा बघून पॅकेट त्या दिशेला ढकलतो' हे मराठीच आहे, आणि ते समजलं की इंग्रजी पुस्तकातला तोच परिच्छेद तिला वाचता येतो. तसं झालंही. त्या परिच्छेदातलं 'फॉरवर्ड' म्हणजे हे ढकलणं का, असं तिने आपणहून विचारलं.

तिच्या मास्तरांना मी दोष देत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, ठरावीक तारखेला संपवायचा अभ्यासक्रम आणि पेपर तपासायला सोपे असावेत अशी सगळ्यांची सोय. यादीचा प्रश्न तपासायला सोपा, सात नावं मोजली की झालं. मी स्वतः पेपर तपासलेत, मला माहीत आहे. तिलाही मी सांगितलंय, की परीक्षेत सात थर आले तर मुकाट्याने सातच्या सात लिही, सॉसेजसकट. आठ गुण सोडायचे नाहीत. डिप्लोमा सोडायची भाषा सध्या थांबली आहे. पेपर पुढच्या महिन्यात आहे.

गेल्या रविवारी तिने जुन्या बाजारातून जुन्या लॅन वायरचं दोन मीटरचं भेंडोळं आणलं. सोलून बघितलं तर आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या, चार जोड्या. पुस्तकात 'ट्विस्टेड पेअर' शेकडो वेळा वाचलेलं, पण पीळ कशासाठी, हे तिला तेव्हा पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. बाहेरचा विजेचा गोंधळ जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच बसावा आणि पलीकडे वजाबाकीत निघून जावा, म्हणून. मग तिने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "आजी, चारही जोड्यांचा पीळ सारखा नाहीये. निळ्याचा वेगळा, नारिंगीचा वेगळा." मला हे दिसलंच नव्हतं, चष्मा असून! भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, बरोबर आहे, मुद्दाम तसं करतात. सगळ्यांचा पीळ सारखा ठेवला तर शेजारशेजारच्या जोड्याच एकमेकींच्या बोलण्यात लुडबुड करतील.

येत्या रविवारी आम्ही त्या वायरला दोन्ही टोकांना कनेक्टर बसवणार आहोत. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, हा क्रम तिने फ्रिजवर चिकटवलाय. दाबायची पक्कड भाच्याने पाठवली आहे. तिच्या वर्गातल्या आणखी तिघी येणार म्हणतात. खुर्च्या पुरतील, कनेक्टर मात्र जास्तीचे आणायला सांगितलेत. पहिल्या खेपेला निम्मे वाया जातातच, असं भाचा म्हणतो.